गाडी वहिनींची, ट्रेलर भावजींचा

"या, या, या... येऊ द्या... अजून या..." शेडच्या दारात उभे राहून भावजी दोन्ही हात असे हलवत होते, की जणू गाडी नव्हे, विमान उतरवायचं होतं.

"येऊ की थांबू?" वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"थोडं डावीकडे. म्हणजे तुमच्या डावीकडे. नाही, थांबा, माझ्या."

वहिनींनी त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं. आरशात बघत त्यांनी गाडी हळूहळू मागे घेतली आणि गाडीच्या पाठीचा लोखंडी गोळा ट्रेलरच्या तोंडाच्या वाटीखाली नेमका आला तेव्हा हँडब्रेक ओढला. भावजींचे हात अजून हवेतच होते.

"बघा, कसं बरोबर बसलं," भावजी म्हणाले.

"तर काय. तुम्ही नसता तर मी भिंतीतच गेले असते."

भावजींना ते खरंच वाटलं. स्वतःच्या कौतुकात थट्टा मिसळलेली असली तर ती त्यांना आयुष्यात कधी ओळखू आली नव्हती.

वहिनी खाली उतरल्या. सख्ख्या नात्याने त्या एकट्या भावजींच्याच वहिनी; पण गॅरेजचे मिस्त्री, पेट्रोल पंपावरची माणसं, हॉस्पिटलचा गेटवाला, सगळेच त्यांना वहिनी म्हणत. हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि पांघरुणं लाँड्रीतून आणून द्यायची आणि मळलेली उचलून न्यायची, हे त्यांचं काम. त्यासाठीची गाडी त्यांची स्वतःची. चारही चाकांनी ओढणारी, उंच, चौकोनी, जुनी व्हॅन. तिच्या वयाच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या होत्या. वहिनी तिला म्हातारी म्हणत, आणि मिस्त्री 'आपली म्हातारी' म्हणत, कारण निम्मी म्हातारी त्याच्याच हातची झाली होती.

आणि ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरची एक खोली. दोन माणसांचा पलंग, पलंगाशी खिडकी, छोटा ओटा, पाण्याची टाकी. तरुणपणी दोघा भावांनी मिळून तो बांधला होता. थोरला, म्हणजे वहिनींचा नवरा, कारखान्यात लेथवर होता. सगळं लोखंडकाम त्याचं. धाकट्याचं फर्निचरचं दुकान, म्हणून लाकूडकाम त्याचं. वहिनींच्या घरी अंगण होतं पण आडोसा नव्हता, आणि भावजींकडे शेड होती. म्हणून ट्रेलर राही भावजींकडे, आणि सुट्टी आली की म्हातारी येऊन त्याला घेऊन जाई. गाडी एकाची, ट्रेलर दुसऱ्याकडे. दोन भावांत बोलणं आहे तोवर ही सोय फार चांगली असते.

"वहिनी, एक सांगायचं होतं," भावजी जवळ आले. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं, तरी त्यांनी आवाज खाली आणला. "तिथे गेल्यावर दादाचा विषय नको काढायला."

"का बरं?"

"तसं काही नाही. पण लोक शंका काढतात. कोण वापरायचं, त्यांना काय झालं होतं. आजारी माणसाचं अंथरूण म्हटलं की माणसं बिचकतात. आपण म्हणायचं, वापर होत नाही म्हणून विकतोय. खोटं थोडंच आहे?"

"अजिबात नाही," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी वाटी गोळ्यावर बसवली, खटका दाबला, साखळी अडकवली. हा गोळा नवऱ्याने स्वतः लेथवर कातला होता, बाजारात मिळतो त्याहून चांगलाच मोठा. 'आपला ट्रेलर आपल्याच गाडीला लागला पाहिजे, चोर नेईल उद्या,' असं तो म्हणायचा. त्या एका लहरीपायी हा ट्रेलर जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीला जोडता येत नसे. नाहीतर भावजींनी वहिनींचं दार कशाला वाजवलं असतं? अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसे ते परवा आले होते. डोंगरावर एका जोडप्याने जमीन घेतली होती, मुलं-नातवंडं आली की त्यांना राहायला म्हणून ट्रेलर कायमचा तिथेच ठेवायचा होता. कच्चा रस्ता, भलता चढ, तिथे म्हातारीच हवी. 'तुमच्याशिवाय होणार नाही, वहिनी,' असं भावजी तीनतीनदा म्हणाले होते. किमतीचं बोलणं वहिनींनी काढलं नाही, आणि भावजी ते आठवणीने विसरले.

वहिनींनी लगेच हो म्हटलं होतं. इतक्या लगेच, की भावजींनाच थोडं चुकल्यासारखं वाटलं असावं. पण वहिनी या निरोपाची वाट बघत होत्या. नवरा जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि तेव्हापासून रोज सकाळी डोळे उघडले की त्यांना पहिली आठवण नवऱ्याची येत नसे, भावजींची येई. याचाही त्यांना राग होता.

झालं होतं ते असं. शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी नवऱ्याला घरी पाठवलं. घरी म्हणजे कशाला, ते सगळ्यांनाच कळलं होतं, त्यालाही. त्याने फक्त एकच मागणं केलं. तळ्याकाठी ने म्हणाला नाही, डोंगरावर म्हणाला नाही. म्हणाला, ट्रेलर अंगणात आणून लाव, मला त्यात झोपायचंय. त्या खिडकीकडे उशी करून झोपायचंय.

वहिनींनी भावजींना फोन केला. भावजी म्हणाले, ट्रेलर रंगवायला दिलाय. चार दिवसांनी केला, तर म्हणाले, रंग झाला पण टायर बसलेत. पुन्हा केला तेव्हा जाऊबाईंनी उचलला आणि हे बाहेर गेलेत म्हणाल्या. मागे भावजींचा खोकला ऐकू येत होता. आजारी माणसाला एकटं टाकून वहिनींना शेडपर्यंत जाता येईना. नवरा रोज विचारी, आला का गं? वहिनी म्हणत, आज येतो म्हणालेत. मग एके दिवशी त्याने विचारलं नाही. आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून तो गेला.

आणि मग पुढे कधीतरी गॅरेजमध्ये मिस्त्री सहज बोलून गेला, "तुमचा ट्रेलर काय वहिनी, मागच्या सीझनपासून शेडमधून हललाच नाही. मी जातो ना तिथे फोर्कलिफ्टच्या कामाला. ताडपत्रीखाली तसाच आहे."

तसाच आहे. ना रंग, ना टायर. वहिनी त्या दिवशी चादरींचे गठ्ठे घेऊन हॉस्पिटलला गेल्या, मोजून दिले, सही घेतली आणि परत येऊन गाडीत बसून राहिल्या. भांडायला जायचं त्यांनी ठरवलं नाही. भांडण केलं की माणूस माफी मागतो, रडतो, आणि मग आपल्यालाच पाण्याचा ग्लास आणून द्यावा लागतो. वहिनींना माफी नको होती. त्यांना उट्टं काढायचं होतं.

"मागची टाकी पाण्यानं भरून ठेवलीय," भावजी अभिमानाने म्हणाले. "त्या लोकांना नळ सोडून दाखवता येईल."

वहिनींनी ट्रेलरच्या मागच्या बाजूला बघितलं. टाकी अगदी शेवटी, शेपटाशी होती. ट्रेलरचा भार पुढे हवा, गाडीच्या पाठीवर थोडा टेकलेला. मागे वजन झालं की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. निघताना टाकी रिकामी, हा नवऱ्याचा पहिला नियम होता, आणि भावजी इतक्या सुट्ट्यांना बरोबर येऊन गाडीत फक्त झोपले होते.

"छान केलंत," वहिनी म्हणाल्या. "बसा."

भावजी शेजारी बसले, सीट मागे केली, खिडकी खाली केली. शहर संपेपर्यंत ते दुकानाबद्दल बोलत होते. लोकांना आता लाकूड नको, भुशाच्या फळ्या हव्यात. जाऊबाईंचे गुडघे. नव्या गाडीचा आरामशीरपणा, कसं काही कळत सुद्धा नाही आतमध्ये. वहिनी हं म्हणत होत्या. आरशात ट्रेलरचा पुढचा पांढरा पत्रा सारखा दिसत होता, आणि त्या पत्र्यामागे, आत, तो पलंग होता.

"तुम्ही किती खंबीर आहात, वहिनी," भावजी एकदम म्हणाले. "मी हिला नेहमी सांगतो. दुसरी कोणी असती तर मोडून गेली असती."

"हो?"

"हो ना. दादाच्या आजारपणात तुम्ही जे केलंत ते कोणी करणार नाही. आम्हाला तर काही करताच आलं नाही."

पुढे लांबलचक सरळ उतार लागला होता, दोन्ही बाजूंना मोकळं माळरान, समोर गाडी नाही, मागे गाडी नाही. त्यांनी पाय उचलला नाही. म्हातारी उताराला आपणहून धावायला लागली.

आधी सीट हलली. मग कोणीतरी मागून गाडीची शेपटी धरून एकदा इकडे, एकदा तिकडे ओढावी तसं झालं. आरशातला पांढरा पत्रा डावीकडे गेला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे.

"वहिनी, काय होतंय?"

"ट्रेलर हलतोय."

"मग ब्रेक मारा."

"ब्रेक मारला तर तो आपल्याला घेऊन आडवा होईल. तुमच्या दादानं शिकवलंय. ब्रेकला हात-पाय लावायचा नाही."

"मग करायचं काय?"

"एक विचारते, त्याचं उत्तर द्या," वहिनी म्हणाल्या. स्टिअरिंग त्यांनी दोन्ही हातांनी सरळ धरलं होतं आणि आवाज बाजारात भाव विचारावा इतका साधा होता. "तेव्हा ट्रेलर कुठे होता?"

"कधी?"

"तुम्हाला माहितीय कधी."

ट्रेलर पुन्हा झोकला. भावजींनी एका हाताने दाराची कडी आणि दुसऱ्याने स्वतःचा गुडघा घट्ट धरला. त्यांचा चेहरा वहिनींच्या धुतलेल्या चादरींसारखा झाला होता.

"शेडमध्ये. शेडमध्येच होता. वहिनी, हळू करा."

"का दिला नाहीत?"

"अहो, दादाची काय अवस्था होती. त्याला त्यात काही झालं असतं तर..."

"तर?"

"तर पुढे त्यात कोण झोपलं असतं?"

वहिनींनी पाय उचलला. नुसता उचलला, दुसरं काही केलं नाही. गाडीचा वेग आपला आपण उतरला, शेपटाचे हेलकावे लहान होत गेले आणि उतार संपला त्या सपाटीवर ट्रेलर पुन्हा शहाण्यासारखा मागून यायला लागला. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

वहिनींनी या प्रश्नाची खूप उत्तरं आधीच करून ठेवली होती. भावजींना मरण बघवत नव्हतं. जाऊबाईंनी नको म्हटलं. भावाभावांत काही जुनं होतं. यातलं एखादं निघालं असतं तर कदाचित त्यांचा राग थोडा सैल झाला असता. पण हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पलंग खराब होईल म्हणून. रोज त्या ज्या चादरी वाहून नेत, त्यांवर माणसं गेलेली असत. उकळत्या पाण्यातून निघाल्या की त्या पुन्हा चादरीच असत, दुसऱ्या दिवशी दुसरं कोणी त्यांवर झोपे, कधी नवीन बाळसुद्धा. आणि सख्ख्या भावाला एक गादी जड झाली.

"टाकीचं पाणी सोडून या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मागे वजन झालंय म्हणून हलतोय. खाली एक पितळी चावी आहे. वाकावं लागेल."

भावजी उतरले. वहिनींनी आरशात बघितलं, तर ते ट्रेलरखाली गुडघ्यांवर बसून चावी शोधत होते, आणि ती सापडली तेव्हा पाणी आधी त्यांच्याच बाहीत शिरलं. टाकी मोठी होती. पाणी संपेपर्यंत ते तसेच ओणवे होते, कारण चावी सोडली की ती आपोआप बंद होत असे. वहिनींना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं.

पुढे डांबर संपलं. चढाच्या तोंडाशी वहिनी थांबल्या, उतरल्या आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या टोप्या हाताने फिरवून पक्क्या केल्या. जुन्या गाड्यांचं ते असंच. आतून नुसता दांडा ओढून पुढची चाकं कामाला लागत नाहीत, उतरून त्यांना सांगावं लागतं. मग आत येऊन त्यांनी छोटा दांडा खाली दाबला आणि म्हातारी पहिल्या गिअरमध्ये, कण्हत कण्हत, पण एकदाही न घसरता चढायला लागली. खडी चाकांखालून उडत होती. भावजी ओल्या बाहीने कपाळ पुसत होते.

"वहिनी," अर्ध्या चढावर ते म्हणाले, "मला काय माहीत तो इतक्या लवकर जाईल."

"गिअर बदलताना बोलू नका," वहिनी म्हणाल्या. त्या गिअर बदलत नव्हत्या.

जमीन वर सपाट केलेली होती. घर लहान, नवीन, भिंतींना अजून चुन्याचा वास. गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांची बायको. बाई बोलक्या आणि हसऱ्या होत्या, त्यांनी दोघांना पाणी दिलं आणि ट्रेलर कुठे लावायचा ते दाखवलं: दोन झाडांच्या मधोमध, दरीकडे तोंड करून. ट्रेलर मागे ढकलताना डावीकडे न्यायचा असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, हे ज्यांना माहीत नाही त्यांना ते बघताना चमत्कार वाटतो. गृहस्थ तोंड उघडं टाकून बघत होते. वहिनींनी एका दमात ट्रेलर दोन झाडांच्या मध्ये बसवला, चाकांखाली दगड लावले, पुढचा पाय खाली सोडला, साखळी काढली, खटका उचलला आणि म्हातारीला ट्रेलरपासून मोकळं करून थोडं पुढे नेऊन उभं केलं.

काम नीट झालं पाहिजे. उट्टं त्यानंतर.

सगळे आत गेले. भावजींचं तोंड आता सुटलं होतं. कपाटाची फळी कशी खरी लाकडाची, ओट्याचा खण कसा बाहेर येतो, नळाला पाणी येतं पण टाकी जरा रिकामी करावी लागली. बाई पलंगाशी गेल्या आणि गादी दाबून बघायला लागल्या.

"किती छान ठेवलाय हो," त्या म्हणाल्या. "एवढी हौसेनं केलेली वस्तू विकवते कशी तुम्हाला?"

"वापर होत नाही," भावजी म्हणाले.

"माझा नवरा यातच गेला," वहिनी म्हणाल्या. "याच गादीवर."

बाईंचा हात गादीवरून उचलला गेला. त्यांनी तो मुद्दाम उचलला नव्हता, म्हणूनच ते सगळ्यांना दिसलं. गृहस्थ दारातून एक पाऊल मागे झाले.

"वहिनी," भावजी हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "काय हे. अहो नाही, यांचं जरा... असं काही नाही झालं."

"खोटं बोलतेय का मी?" वहिनी त्यांच्याकडे वळल्या. गाडीत बसल्यापासून पहिल्यांदा त्यांनी भावजींच्या डोळ्यांत बघितलं. "मग सांगा ना यांना. तुमचा दादा कुठे गेला ते सांगा. आणि इथे का नाही गेला तेही सांगा."

वहिनींनी परवापासून जे शिजवलं होतं ते हेच. भावजींनी खरं सांगितलं, तर परक्या माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावं लागणार: भाऊ मागत होता, मी दिला नाही, गादी खराब होईल म्हणून. नाही सांगितलं, तर ट्रेलर मेलेल्या माणसाचा ठरणार आणि इथेच पडून राहणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि वहिनींनी तो आड आणि ती विहीर दोन्ही आपल्या हातांनी खणल्या होत्या.

भावजी ओट्याचा खण उघडून पुन्हा लावायला लागले.

"खूप आजारी होते का?" बाईंनी हळूच विचारलं. त्या आता वहिनींकडेच बघत होत्या.

"हो. शेवटी शेवटी फार. पण इथे आणल्यावर शांत झाला." वहिनींना एवढंच बोलायचं होतं. पण वाक्य पुरं झालं आणि पुढचं आपोआप आलं. "अंगणात लावला होता ट्रेलर. म्हणाला, उशी खिडकीकडे कर. ही खिडकी त्यानेच केली. बिजागरी उलटी बसवलीय बघा, उघडली की वारा थेट तोंडावर येत नाही, कडेनं येतो. मी ती उघडून दिली. मग म्हणाला, चल, निघूया. मी म्हटलं, निघालो की. म्हणाला, हळू चालव, मागे मी आहे. झोपला. सकाळी ऊन पायांवर आलं होतं आणि मी चहा घेऊन आले तर..."

त्या थांबल्या. त्यांचा आवाज कधी मऊ झाला ते त्यांना कळलं नव्हतं. सूड म्हणून बोलायला घेतलं होतं आणि बोलता बोलता वहिनी त्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात कप होता, आणि नवरा खिडकीकडे तोंड करून निजला होता. भिंतीकडे नाही. इतकं खरं त्यांनी या दोन वर्षांत काही बघितलं नव्हतं. बाईंनी डोळे पुसले. वहिनींना वाटलं, असंच झालं असणार.

"मी होतो ना तिथे," भावजी म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. भावजी ओट्याला टेकून उभे होते, ओली बाही मुठीत धरून, आणि त्यांच्या गालांवरून खरोखरचं पाणी वाहत होतं.

"पायाशी बसलो होतो मी," ते म्हणाले. "रात्रभर. दादानं माझा हात धरला होता. मला म्हणाला, लाकूडकाम छान केलंस रे."

म्हणजे सौद्यावर त्यांनी पाणी सोडलं होतं. ट्रेलर विकला जाणार नव्हता हे त्यांना कळत होतं, तरी ते बोलले. इतक्या प्रेमाने बोलले, की बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनी बघत राहिल्या. नवऱ्यासाठी त्यांनी आता कुठे एक चांगलं मरण उभं केलं होतं, अंगण, खिडकी, ऊन सगळं घालून, आणि दार उघडं दिसलं म्हणून हा माणूस आत येऊन पायाशी बसला होता. खऱ्यात आला नाही तो खोट्यात आला.

क्षणभर त्यांना वाटलं, बसू दे. रडतोय, बसू दे. त्यालाही तेच हवं होतं जे आपल्याला हवं होतं. एवढ्याशा हो म्हणण्याने दोघांचंही ओझं उतरलं असतं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "भावजी नव्हते."

"वहिनी..."

"बोलावलं होतं. आले नाहीत. मी आणि तो, दोघंच होतो."

भावजींनी मान खाली घातली. ते नाही म्हणू शकले असते, आणखी पुष्कळ काही म्हणू शकले असते. बाईंनी खांद्यावरचा हात काढून घेतला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "जरा घरात येता का?" ती दोघं गेली, आणि दार लावून घेतल्याचा आवाज आला.

वहिनी बाहेर आल्या. त्यांनी पुढच्या चाकांच्या टोप्या सैल केल्या, गोळ्यावर ग्रीस होतं ते फडक्याने पुसलं. भावजी ट्रेलरच्या दारात येऊन उभे राहिले.

"आता हा खाली कोण नेणार?"

"ज्याचा आहे तो."

"दुसऱ्या गाडीला लागत नाही हो हा. तुम्हाला माहितीय."

"माहितीय."

"आणि मी कसा येऊ?"

"चालत या. उतार आहे."

भावजी पुढे काही बोलले ते इंजिनाच्या आवाजात गेलं. म्हातारी एकदा खोकली आणि निघाली. वहिनींना वाटलं होतं की या वेळी त्यांना हसू येईल, निदान छाती मोकळी होईल. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते झालं होतं, मनासारखं झालं होतं, वर चार आणे जास्तच झालं होतं. त्यांनी हसून बघितलं. चेहरा हलला फक्त.

रस्ता खाली जात होता. गाडी हलकी झाली होती, कच्च्या रस्त्यावर जरा उड्याच मारत होती. पहिलं वळण आलं, डोंगराच्या कडेने आत वळणारं. वहिनींनी वेग कमी केला, गाडी बाहेरच्या बाजूला, पार दरीच्या काठापर्यंत नेली आणि मग सावकाश आत वळवली. मागे ट्रेलर असला की असंच वळावं लागतं, नाहीतर त्याचं चाक आतल्या चरात जातं. वळून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आरशात नुसता रस्ता होता आणि धूळ.

पुढच्या वळणालाही त्यांनी तेवढीच जागा सोडली.